स्वतंत्र लय आणि सामाईक सम

संगणकावर संगीत रचणाऱ्या मंडळींकडून एक तक्रार हल्लीं वारंवार ऐकूं येते. निरनिराळ्या वाद्यांचे ट्रॅक पडद्यावर एकाखालीं एक मांडून झालेले असतात. त्यांपैकीं एकाच ट्रॅकची लय थोडी उतरवावी किंवा चढवावी असें रचनाकाराच्या मनांत येतें. आणि सॉफ्टवेअर बहुधा त्याला तसें करूं देत नाहीं. टेंपोचा आंकडा हलवला कीं सारे ट्रॅक एकदम हलतात. बांसरी सावकाश करावी तर तिच्याबरोबर मृदंगहि रेंगाळूं लागतो. प्रत्येक वाद्याला स्वतःचा स्वर आहे, स्वतःचा जोर आहे, मग स्वतःची लयच तेवढी कां नसावी, असा या मंडळींचा प्रश्न आहे.

प्रश्न वरवर पाहतां कारागिरीचा दिसतो, आणि कारागीर त्याचें उत्तर दोन वाक्यांत देऊनहि टाकतो. परंतु त्याच्या पोटीं दुसरा एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो रसिकतेचा आहे. दोन आवाज दोन लयींत चालले असतां त्या दोहोंस मिळून एक संगीत कां म्हणावें? शेजारच्या दोन घरांत दोन निराळीं गाणीं चाललीं असतां आपण खिडकी लावून घेतों. मग तोच प्रकार एका घरांत झाला म्हणजे त्याला रचना कोणत्या आधारावर म्हणावयाचें? याचा विचार प्रस्तुत लेखांत कॉनलॉन नॅन्कॅरो याच्या कृतींच्या आधारें करावयाचा आहे. कारण संगणकाची मदत नसतांना या एकाच प्रश्नाला त्यानें आपलें जवळजवळ सारें उत्तरायुष्य वाहिलें.

प्रथम यंत्राची बाजू समजून घेतली पाहिजे. मिडी ही वाद्यांनीं एकमेकांशीं बोलण्याची अंकांची भाषा १९८३ सालीं प्रचारांत आली. तींत ध्वनि नसतो. कोणती पट्टी, केव्हां, किती जोरानें दाबली आणि केव्हां सोडली, अशा प्रकारच्या आज्ञा असतात. या आज्ञा फाइलींत सांठवण्याची सर्वमान्य पद्धति १९८८ सालीं ठरली. तींत स्वराची जागा सहसा सेकंदांनीं सांगत नाहींत. एका मात्रेचे समान बारीक भाग कल्पितात, पुष्कळदां ४८०, आणि त्या भागांनीं जागा मोजतात. या भागांस टिक म्हणतात. ती मात्रा किती काळाची हें निराळें सांगावें लागतें, आणि तें मायक्रोसेकंदांत सांगतात. कांहींच सांगितलें नसेल तर मात्रा ५,००,००० मायक्रोसेकंदांची, म्हणजे मिनिटाला १२० मात्रा, असें धरलें जातें. फाइलींचे प्रकार तीन आहेत. एकांत एकच ट्रॅक असतो. दुसऱ्यांत ट्रॅक अनेक, पण टेंपोचा नकाशा सर्वांस मिळून एकच, आणि तोहि पहिल्या ट्रॅकमध्यें लिहिलेला. तिसऱ्यांत प्रत्येक ट्रॅक स्वतंत्र असून त्याची लयहि स्वतंत्र ठेवतां येते. मौज अशी कीं, जें स्वातंत्र्य आज मागितलें जात आहे तें देणारा हा तिसरा प्रकार व्यवहारांत फारच थोड्यांनीं वापरला. दुसरा प्रकार सर्वत्र रूढ झाला, आणि एका रचनेला एकच घड्याळ असावयाचें हें गृहीतहि त्याच्या मागोमाग मुकाट्यानें रूढ झालें.

यावर कारागिराची तोड अशी आहे. मुख्य लय १२० असतां एखादा ट्रॅक ९० च्या लयीनें वाजावयास हवा असेल, तर त्यांतील प्रत्येक स्वराची जागा व लांबी १२० भागिले ९०, म्हणजे चार-तृतीयांश पट, करावी. ४८० व्या टिकवरचा स्वर ६४० व्या टिकवर जातो, आणि घड्याळ तेंच राहूनहि कानाला ९० ची लय ऐकूं येते. जागा पूर्णांकांत बसवतांना थोडी काटछाट होते. परंतु १२० च्या लयींत एक टिक सुमारें एका मिलिसेकंदाचा, तेव्हां ती कानाला कळण्याजोगी नसते. मात्र ही काटछाट प्रत्येक स्वराच्या आरंभापासूनच्या जागेवर करावी. दोन स्वरांमधल्या अंतरांवर केली तर लहान लहान चुका सांठत जातात, आणि रचना लांबली म्हणजे तो ट्रॅक आपल्या ठरलेल्या मुक्कामास चुकतो. रीपर या सॉफ्टवेअरांत एखाद्या मिडी-तुकड्यानें मुख्य टेंपोकडे दुर्लक्ष करावें अशी सोयहि केलेली आहे. क्यूबेसमध्यें ट्रॅक मात्रांना बांधावयाचा कीं सेकंदांना, हें निवडतां येतें. गुणाकारानें मिळवलेलें स्वातंत्र्य अर्थात् उसनें असतें. पुढें मुख्य लय बदलली कीं तो ट्रॅकहि त्याच प्रमाणांत निमूटपणें बदलतो.

एवढा खटाटोप केल्यावर ऐकूं काय येतें? बहुतेक वेळां गोंधळ ऐकूं येतो. रचनाकार बुचकळ्यांत पडतो, कारण त्यानें मागितलें तें त्याला मिळालेलें असतें. ही निराशा कां होते याचा विचार करण्यासारखा आहे. चार मात्रांच्या काळांत पांच स्वर बसवले, तर हें आपल्याकडे सवापटीची लयकारी म्हणून ओळखलें जाईल. तींत दुसरी लय अवतरली असें कोणीहि म्हणणार नाहीं. उलट एक आवाज ८० च्या आणि दुसरा १०० च्या लयींत चालला आहे असें कोणी सांगितलें, तर दोन लयी झाल्या असें आपण मानूं. अंकांच्या दृष्टीनें मात्र दोन्ही गोष्टी एकच आहेत. त्यांच्या टिकांची यादी करूं गेलें तर एका टिकचाहि फरक दिसणार नाहीं. तेव्हां स्वतंत्र लय ही वस्तु फाइलींत सांपडणारी नव्हे. ती ऐकणाऱ्याच्या मनांत उभी राहते, किंवा राहत नाहीं. आणि ती उभी राहावी यासाठीं रचनेनें कांहीं अटी पाळाव्या लागतात. त्या अटी कोणत्या, हें नॅन्कॅरोइतकें स्पष्ट दुसऱ्या कोणीं दाखवलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

नॅन्कॅरो १९१२ सालीं अमेरिकेंतील टेक्सारकाना या गांवीं जन्मला. स्पेनच्या यादवी युद्धांत तो प्रजासत्ताकाच्या बाजूनें लढला, आणि परत आल्यावर साम्यवादी म्हणून मायदेशीं सुखानें राहतां येणार नाहीं हें दिसतांच १९४० सालीं मेक्सिको सिटींत गेला. तेथेंच १९९७ सालीं त्याचा अंत झाला. त्याच्या डोक्यांत घोळणारीं लयींचीं गुंतागुंत वादकांच्या हातून निभावेना. हेन्री कॉवेल यानें १९३० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत सुचवलें होतें कीं, मनुष्याच्या हाताला न साधणाऱ्या लयी स्वयंवादक पियानोच्या कागदी गुंडाळीवर भोकें पाडून साधतां येतील. ती सूचना नॅन्कॅरोनें अक्षरशः मनावर घेतली. १९४७ सालीं न्यूयॉर्कला जाऊन त्यानें तसा पियानो मिळवला, भोकें पाडण्याचें यंत्र करवून घेतलें, आणि पुढें कित्येक वर्षें आपल्या घरांत बसून तो एकेक भोंक हातानें पाडीत राहिला. कांहीं मिनिटांच्या रचनेला महिनोन् महिने लागत. 'स्टडी' या नांवाखालीं क्रमांकानें ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या या रचना सुमारें ५० आहेत. हा मनुष्य मिडीच्या आधीं मिडीचेंच काम करीत होता असें म्हटलें तर तें चूक होणार नाहीं. कारण गुंडाळीवरचें भोंक म्हणजे तरी कोणती पट्टी, केव्हां आणि किती वेळ, एवढीच आज्ञा होय. पुढें १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धांत त्रिंपिन या कलावंतानें या गुंडाळ्या वाचणारें यंत्र बनवून त्यांचें रूपांतर मिडींतच केलें. फरक एवढाच कीं, गुंडाळीवर टेंपोचा आंकडा नसतो. कागदावर फक्त अंतरें असतात, आणि प्रत्येक आवाजाचीं अंतरें निराळ्या मापानें आंखण्यास कोणाचीहि परवानगी लागत नाहीं.

स्वतंत्र लयींच्या या रचनांसाठीं नॅन्कॅरोनें वारंवार जो बंध निवडला तो कॅननचा आहे. एका आवाजानें एक चाल सुरू करावी आणि तीच चाल दुसऱ्यानें मागाहून उचलावी, हा युरोपीय संगीतांतला जुना खेळ. नॅन्कॅरो त्यांत एवढाच बदल करतो कीं, प्रत्येक आवाज ती चाल निराळ्या वेगानें गातो. ही निवड वाटते तितकी साधी नाहीं. दोन भिन्न चाली दोन वेगांनीं वाजल्या तर कानाला वेगांची तुलना करण्यास कांहीं आधारच उरत नाहीं. परंतु चाल एकच असली म्हणजे ऐकणारा ती एकदां ओळखतो, आणि दुसऱ्यांदा ती भेटली कीं "हीच ती, पण जरा घाईंत" असें त्याला चटकन कळतें. स्वतंत्र लयीची पहिली अट ही कीं, आवाजांना परस्परांशीं कांहीं नातें पाहिजे. अगदीं परक्या दोघांच्या वेगांतला फरक कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं.

दुसरी अट याहून महत्त्वाची आहे, आणि ती ३६ व्या स्टडींत पाहावी. येथें चार आवाज आहेत आणि त्यांच्या वेगांचें प्रमाण १७, १८, १९ आणि २० असें आहे. सर्वांत मंद आवाज आधीं निघतो, मग क्रमानें त्याहून जलद असे बाकीचे येतात. आरंभीं एकाच चालीचे तुकडे लांब लांब अंतरानें, जणूं प्रतिध्वनि यावेत तसे, ऐकूं येतात. हळूहळू हें अंतर आटत जातें. प्रतिध्वनि मूळ ध्वनीच्या टांचेवर पाय देऊं लागतो. शेवटीं चारहि आवाज रचनेच्या मध्यावर एका क्षणीं एकत्र येतात. त्या क्षणानंतर सारें उलटें होतें. आतांपर्यंत जो मागें होता तो पुढें निघतो, अंतरें पुन्हां वाढूं लागतात, आणि जो सर्वांच्या शेवटीं आला तो सर्वांच्या आधीं संपतो. १७ आणि १८ यांतला भेद कोणाचा कान मोजणार? पण मोजण्याची गरजच पडत नाहीं. भेट जवळ येत आहे हें कळतें, ती झाली हें कळतें, आणि ती मागें पडली हेंहि कळतें. या भेटीच्या ओढीनेंच ती सारी गुंतागुंत अर्थपूर्ण होते.

ही भेट आयती घडत नाहीं, हें एका हिशेबावरून दिसेल. समजा, १०० मात्रांची एक चाल आहे. एक आवाज ती मिनिटाला ८० मात्रांच्या आणि दुसरा १०० मात्रांच्या वेगानें गाणार आहे. पहिल्याला ७५ सेकंद लागतील, दुसऱ्याला ६०. दोघे बरोबर निघाले तर प्रत्येक पावलागणिक एकमेकांपासून दूर जातील आणि ऐकणाऱ्याला कंटाळा येईल. दुसरा १५ सेकंद थांबून निघाला तर शेवटच्या मात्रेवर दोघांची गांठ पडेल, आणि त्या गांठीकडे सारा वेळ कान लागून राहील. रचना तीच, वेग तेच, ट्रॅकहि तेच. पण पहिल्या मांडणींत संगीत नाहीं आणि दुसरींत आहे. आपल्या वाचकांना ही गोष्ट नवी वाटूं नये. तिहाई बांधणारा तबलजी याहून निराळें काय करतो? तो समेवरून मागें मोजीत येतो आणि मग कोठून उचलावयाचें तें ठरवतो. ज्यानें सम आधीं पाहिली नाहीं त्याची तिहाई कितीहि जोरकस असली तरी ती पडते. आपल्या ट्रॅकची लय बदलणाऱ्या मंडळींचें नेमकें हेंच होतें. ते आंकडा आधीं बदलतात आणि पुढें काय होतें तें ऐकत बसतात.

येथें सॉफ्टवेअरचा बचाव पुरा झाला असें कोणी समजेल, म्हणून २१ व्या स्टडीकडे वळलें पाहिजे. तींत आवाज दोनच आहेत. एक मंद निघतो आणि सतत जलद होत जातो. दुसरा जलद निघतो आणि सतत मंदावत जातो. फुलीच्या दोन रेघांप्रमाणें त्यांचे वेग मध्यें कोठेंतरी एकमेकांस छेदून जातात. येथें चार-तृतीयांशासारखें कोणतेंहि एक प्रमाण नाहीं. प्रत्येक क्षणीं प्रमाण निराळें आहे. एकदां गुणाकार करून मोकळें होण्याची कारागिराची तोड येथें लंगडी पडते. प्रत्येक आवाजाला टेंपोचा स्वतःचा नकाशा पाहिजे, आणि तोच रूढ सॉफ्टवेअर सहसा देत नाहीं. मग एकेका स्वराची जागा हिशेबानें काढावी लागते, किंवा दोन निराळ्या रचना करून त्यांचे ध्वनि मागाहून जोडावे लागतात. ज्या रचनाकाराची तक्रार या ठिकाणाहून येत असेल त्याची बाजू आम्हांस न्याय्य वाटते. एकच घड्याळ ही सोय आहे. ती निसर्गाचा नियम असल्याप्रमाणें वागूं लागली म्हणजे कल्पनाच त्या घड्याळाच्या तबकडीबाहेर जाणें सोडून देते. २१ वी स्टडी ऐकतांना एक आवाज म्हातारा होत आहे आणि दुसरा तरुण होत आहे असा भास होतो, आणि दोघांचें वय एका क्षणापुरतें एक होतें. हा अनुभव एका टेंपोच्या आंकड्यांत मावणारा नव्हे.

नॅन्कॅरोच्या थोरवीचें वर्णन करतांना त्याच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. ३७ व्या स्टडींत १२ आवाज आहेत, आणि त्यांचे वेग १५० पासून २८१¼ पर्यंत सप्तकांतल्या बारा स्वरांच्या प्रमाणांवरून बेतलेले आहेत. कल्पना विलक्षण आहे. परंतु बारा लयी वेगळ्या धरण्याचें सामर्थ्य आमच्या कानांत तरी नाहीं. थोड्याच वेळांत त्या लयी राहत नाहींत, पावसाच्या सरीसारखें कांहींतरी उरतें. तें सुंदर असतें. पण त्यासाठीं एवढा काटेकोर हिशेब हवा होता काय, असें मनांत आल्यावांचून राहत नाहीं. ४० व्या स्टडींत दोन आवाजांच्या वेगांचें प्रमाण गणितांतील ई आणि पाय या दोन संख्यांचें आहे. हें प्रमाण नेमकें सांगणारा अपूर्णांक कोणालाहि ठाऊक नाहीं, हें खरें. पण १३ आणि १५ यांचें प्रमाण घेतलें असतें तरी शेंकडा एक-पंचमांशाहून कमीच फरक पडला असता, आणि तो ओळखणारा कान आम्हीं अद्याप पाहिला नाहीं. येथें गणिती नॅन्कॅरोनें संगीतकार नॅन्कॅरोला थोडें मागें सारलें आहे. कानाला न पोचणारी सूक्ष्मता ही रचनाकाराची खासगी दौलत होय. श्रोत्याच्या पदरांत तिच्यामुळें कांहीं पडत नाहीं.

याहूनहि एक खोल उणीव आहे. नॅन्कॅरोचे आवाज भेटतात, पण त्यांना एकमेकांची वाट पाहावी लागत नाहीं. भेटीची वेळ कागदावर आधींच कोरलेली आहे. आपल्या विलंबित ख्यालांत याच्या उलट स्थिति आहे. गायक ठेक्याच्या मात्रा मोजीत नाहीं. त्याचे स्वर ठेक्यावरून तरंगत जातात, आणि कित्येक वेळां त्याची लय तबल्याच्या लयीहून निराळीच आहे असें वाटतें. मग आवर्तन सरत येतें, मुखडा उचलला जातो, आणि दोघे समेवर येतात. आम्हीं एकदां एका मैफलीच्या ध्वनिमुद्रणावरून ठेक्याच्या मात्रा संगणकाच्या एका ट्रॅकवर उतरवून घेतल्या. एकहि आवर्तन दुसऱ्याइतकें लांब भरेना. सॉफ्टवेअरनें त्या मात्रा नीट आंखलेल्या रेषांवर बसवून देण्याची तयारी दाखवली, आणि आम्हीं ती स्वीकारली. ठेका घड्याळासारखा झाला. पण मुळांत जो मुखडा अलगद समेवर उतरत होता तो आतां कधीं आधीं, कधीं उशीरां येऊं लागला, आणि गायक बेताल आहे असें ऐकणाऱ्यास वाटावें अशी स्थिति झाली. ज्या अनियमितपणाला आम्हीं दोष समजलों होतों तो तबलजीचा शहाणपणा होता. गायकाचा श्वास लांबला तेथें त्यानें केंसभर वाट पाहिली होती. आम्हीं तो फेरफार लगेच रद्द केला. पण आपणच आपल्या हातानें एका चांगल्या साथीदाराला मैफलींतून उठवलें होतें, ही रुखरुख बरेच दिवस राहिली.

म्हणून या तक्रारीचा निवाडा आम्ही असा करूं. प्रत्येक ट्रॅकला स्वतःची लय मिळालीच पाहिजे. ती नाकारण्यास यंत्रापाशीं कोणतेंहि संगीतशास्त्रीय कारण नाहीं, आणि १९८८ सालींच तिची सोय कागदोपत्रीं करून ठेवलेली होती. परंतु ती मिळाल्यानें रचनाकाराचें काम हलकें होईल अशी आशा कोणीं धरूं नये. एकाच घड्याळाखालीं वाद्यें आयतीं एकत्र राहतात. तें घड्याळ काढून घेतल्यावर त्यांना एकत्र ठेवण्याची सारी जबाबदारी रचनाकारावर येऊन पडते. त्यानें त्यांचें नातें श्रोत्याला ओळखूं आणून दिलें पाहिजे, त्यांची भेट कोठें व्हावयाची हें आधीं ठरवलें पाहिजे, आणि जमल्यास त्यांना एकमेकांसाठीं थांबावयास शिकवलें पाहिजे. यांपैकीं पहिल्या दोन गोष्टी नॅन्कॅरोनें मेक्सिको सिटींतील आपल्या घरांत, एकेक भोंक पाडून, पूर्णत्वास नेल्या. तिसरी अजून बाकी आहे. ज्यांच्या कानांवर ठेका आणि मुखडा यांचा लपंडाव लहानपणापासून पडला आहे, त्यांनीं ती हातीं घ्यावी अशी आमची इच्छा आहे.